साक्षीत घेतलेलं नाव

आमच्या घरात निनावी कागदाला किंमत नव्हती. लातूरचं आमचं घर दोन खोल्यांचं, आणि बाहेरच्या खोलीत कायम पत्रकांचे गठ्ठे. शाळेच्या फीविरुद्ध, टँकरच्या पाण्यातल्या चोरीविरुद्ध, भानामती उतरवणाऱ्या बाबाविरुद्ध. वडील शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच गुलाबी-पिवळ्या स्वस्त कागदावर. बसस्टँडवर वाटलेली पत्रकं लोक न वाचता त्यात शेंगदाणे बांधून घेतात, हेही मला लवकर कळलं. वडिलांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांचा आग्रह एकच होता: मजकुराखाली लिहिणाऱ्यांची पूर्ण नावं हवीत, बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. एकदा त्यांच्या एका मित्रानं नोकरीच्या भीतीनं आपलं नाव गाळायला सांगितलं. वडिलांनी त्याचं नाव गाळलं आणि त्यानं लिहिलेला परिच्छेदही गाळला. निनावी पत्रक म्हणजे पाठीमागून मारलेला दगड, असं ते म्हणायचे.

मी इथं कुणाचंच नाव लिहिणार नाही. वडिलांचं नाही आणि माझंही नाही. असं का, तेच सांगायचं आहे.

नांदेडला शिकायला आले तेव्हा एका खासगी हॉस्टेलात राहिले. तिथं मुलींना गावाच्या नावानं हाका मारायची पद्धत होती. कुणी नायगाव, कुणी रेणापूर. मी लातूर. माझ्या खोलीत दुसरी मुलगी होती ती देगलूर. खरं तर तिला दुसऱ्याच गावाच्या नावानं हाक मारायचे, पण इथं देगलूरच म्हणते. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. उठल्याबरोबर अ‍ॅप्रनला इस्त्री करायची आणि इस्त्री थंड होईपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मीही पत्रकं लिहायला लागले होते; त्यांच्या घड्या घालायला बसली की पट्टी घेऊन बसायची, कडेला कड जुळल्याशिवाय पुढची घडी नाही. वाचायचीही. "ए लातूर," ती एकदा म्हणाली, "तुझ्या पत्रकात उद्गारचिन्हं लई. वाचणाऱ्याला धाप लागती."

तिचा प्रवेश राखीव जागेवर होता, आणि तो अजून पक्का नव्हता. जातीच्या दाखल्याची पडताळणी बाकी होती. पडताळणीत फक्त जात बघत नाहीत. माणूस ख्रिस्ती झाला आहे असं ठरलं, तर त्याला अनुसूचित जातीचा दाखला राहत नाही. दाखला गेला की जागा गेली. चौकशीला माणसं गावात येतात, शेजारीपाजारी विचारतात. देगलूरच्या घरी अजून कुणी आलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी आईला फोन करायची आणि पहिला प्रश्न तोच विचारायची: कुणी आलं होतं का?

यातलं मला तेव्हा अर्धंच माहीत होतं. पडताळणी बाकी आहे एवढं माहीत होतं. त्यात भिण्यासारखं काय आहे, ते माहीत नव्हतं.

त्या दिवसांत नांदेडमध्ये एका मोठ्या प्रार्थनासभेचा फ्लेक्स लागला होता. आजार बरे होतील, बंधनं तुटतील, असं काहीबाही. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. जे बाबाला लागू ते पास्टरलाही लागू, धर्म बदलला म्हणून फसवणूक पवित्र होत नाही, असा त्याचा सूर. आजही त्यातलं एक वाक्य मागे घ्यायची माझी तयारी नाही. ते मी देगलूरला वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी केली.

"तू कधी गेलीस का तिथं?"

जायची काय गरज, फ्लेक्स वाचला की, असं मी म्हणाले.

"मग फ्लेक्सवर लिही," ती म्हणाली. "माणसांवर कशाला लिहून राहिली?"

दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं की तिची आई दर रविवारी प्रार्थनेला जाते, गावातच, एका टेलरच्या घरामागच्या शेडमध्ये. तिचे वडील गेले तेव्हा आई तीन महिने झोपली नव्हती. शेडमधल्या बाया आळीपाळीनं येऊन तिच्याजवळ झोपल्या. तेव्हापासून आई जाते, आणि सुट्टीत ही आईचा हात धरून जाते. मी लगेच विचारलं, मग तू ख्रिस्ती आहेस का?

"मी नर्सिंगची हाय," ती म्हणाली.

मग तिनं पडताळणीचं उरलेलं अर्धं सांगितलं, आणि अट घातली. "चल तू. बघ, वही घे, काय लिहायचं ते लिही. माझं नाव मात्र कुठं येता कामा न्हाई. कागदावर न्हाई, तोंडात पण न्हाई. तिथं तू माझ्या आईची पाहुणी. एवढं जमंल का?"

जमेल म्हणाले. मनात मात्र राग भरला होता. देवापुढं हात जोडल्यानं माणसाची जागा जाते हे कुठलं शास्त्र, आणि ही मुलगी त्याविरुद्ध उभी राहायची सोडून लपते कशाला, असा तो राग होता. लपणं मला कधी कळलंच नव्हतं. आम्हाला कधी लपावं लागलं नव्हतं. वडिलांची नोकरी कायम होती, आडनाव असं की कुठल्याही कचेरीत खुर्ची मिळावी. हे आज लिहिते आहे. त्या रविवारी बसमध्ये खिडकीशी बसले होते तेव्हा हे माझ्या डोक्यात नव्हतं.

देगलूरला उतरून टमटम धरली. फाट्यावर तिची आई उभी होती. शाळेत खिचडी शिजवणारी, उंच, बोटांच्या पेरांवर जुन्या भाजल्याच्या खुणा असलेली बाई. "आलीस का माय," असं तिनं लेकीच्या आधी मला म्हटलं. चालता चालता हळू आवाजात तिनं सांगितलं की सहा आठवड्यांपूर्वी कुणीतरी प्रार्थनेचा व्हिडिओ काढून फिरवला होता. तालुक्याहून माणसं आली, ढोलक फोडली, गावात कोण कोण जातं त्याची नावं विचारली. कुणी सांगितली नाहीत. तेव्हापासून शेडला पडदा असतो आणि दारात माणूस बसतो.

रस्त्याला लागून टेलरचं दुकान, दुकानाच्या बाजूनं बोळ, बोळाच्या शेवटी निळ्या पत्र्यांची शेड. दारात एक म्हातारे आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. "वंदनालु, अम्मा," असं ते देगलूरच्या आईला तेलुगूत म्हणाले, आणि माझ्याकडं वळून मराठीत विचारलं, पिशवीत काय आहे. पिशवीत वही होती. ती त्यांनी हातात घेतली, कोरी पानं उलटून पाहिली. वही कशाला, त्यांनी विचारलं. देगलूरनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मी लिहिते, असं मी सांगितलं. मला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

आजोबांनी वही मांडीवर ठेवून घेतली. जाताना घेऊन जा म्हणाले. मी आत गेले आणि माझ्या पाठीमागं ते उठून पास्टरच्या कानाशी लागले, ते मी पाहिलं.

आत सतरंज्या. डावीकडं बाया, उजवीकडं पुरुष, चपला बाहेर. बायांनी पदर डोक्यावर घेतलेले. देगलूरनं माझी ओढणी माझ्या डोक्यावर सारली. नवी ढोलक होती, अजून चुण्या न पडलेली. पुढं तिकाटण्यावर एक मोबाइल लावलेला, त्याच्यामागं पास्टरची बायको. हैदराबादला कामाला गेलेली गावातली माणसं तिकडून प्रार्थना बघतात, असं देगलूरच्या आईनं सांगितलं. व्हिडिओनं एकदा मार खाल्लेली ही माणसं पुन्हा मोबाइल लावतात याचं मला नवल वाटलं. पण ज्यांची पोरं बांधकामावर गेलीत त्यांनी काय करावं? तो मोबाइल बायांच्या बाजूकडं वळलेला नव्हता. फक्त पुढची जागा त्यात दिसायची, जिथं उभं राहून बोलतात तेवढीच.

गाणी झाली. दोन तेलुगू, एक मराठी, एकात कानडीही होती. मग पास्टर बोलायला लागले. ते पलीकडच्या तेलंगणातले, त्यांचं मराठी जेमतेम. त्यांच्या शेजारी टेलर उभा, हातात दुसरा माईक, कानावर पेन्सिल तशीच खोचलेली. पास्टर एक वाक्य तेलुगूत बोलायचे, टेलर ते मराठीत करायचा. काही वेळानं माझ्या लक्षात आलं की वाक्यांची लांबी जुळत नाही. पास्टर हात उंचावून, आवाज चढवून बरंच काही बोलले आणि टेलर शांतपणे म्हणाला, आपण आपलं घर नीट बघावं. देगलूरनं ओठ दाबून हसू आवरलं. काय म्हणाले ते मी विचारलं. "दुसऱ्यांच्या देवांवर घसरले होते," ती कुजबुजली. "ह्यो दर वेळी तसंच करतो." पास्टरनी टेलरकडं एकदा बघितलं. टेलर पुढच्या वाक्याची वाट बघत उभा.

वही नव्हती, म्हणून मी मनातच टिपून ठेवलं: भाषांतरात गाळागाळ. श्रोत्यांची फसवणूक.

मग तेलाची प्रार्थना. बाया बाटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पायाला जखम असलेली एक आजी लेकीचा आधार घेत पुढं आली. पास्टरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि सांगितलं की ती बरी झाली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेच ते, याच्यासाठीच मी आले होते, उठून बोलावं असं वाटलं.

शेजारी पाहिलं तर देगलूर जागेवर नव्हती.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात धान्याची पोती होती, त्यांच्याआड ती बसली होती. तेल लावून घेतलेल्या बाया पास्टरपुढून सरळ तिच्याकडं जात होत्या. तिची आई रांग लावत होती. देगलूरच्या मांडीवर साखर तपासायचं छोटं यंत्र. ती बोटाला टोचायची, थेंब घ्यायची, आकडा बघायची आणि आईला सांगायची. आई बाईच्या कानात सांगायची. जखमेच्या आजीची पट्टी तिनं सोडली, वास घेतला, आणि आजीच्या लेकीला म्हणाली, "तेल लावा, मी न्हाई म्हणत न्हाई. पर उद्या सकाळी देगलूरच्या सरकारी दवाखान्यात. परवा न्हाई, उद्या. पाय जाईल न्हाईतर." हे पास्टरच्या नजरेसमोर चाललं होतं. त्यांनी पुढच्या बाटलीवर हात ठेवून डोळे मिटून घेतले. टेलरनंही त्या बाजूला पाठ करून घेतली होती.

मी लिहिलेल्या पत्रकात हे कुठंच बसत नव्हतं. मला हवं होतं ते सापडलं होतं, आणि त्याच्यापासून दहा हातांवर हे. मला फार अभिमान वाटला तिचा. चूक झाली ती त्या अभिमानानं.

शेवटी साक्ष असते. ज्यांच्या आयुष्यात काही घडलं ते पुढं येऊन सांगतात. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या मुलानं दारू सोडली. पद्धत अशी की नवीन आलेल्या माणसानंही उठून दोन शब्द बोलायचे, निदान आपण कोण ते सांगायचं. हे देगलूर मला सांगायला विसरली होती, किंवा आजोबांनी कानात सांगितल्यावर पास्टरनीच मुद्दाम मला उठवलं. टेलर माईकवर म्हणाला, नवीन बहीण आली आहे, तिनं पुढं यावं.

मी पुढं गेले. टेलरनं माईक दिला. समोर सत्तर-ऐंशी माणसं. मघाशी टाळ्या वाजवणारे हात मांडीवर होते. वहीचं सगळ्यांना कळलं होतं. सहा आठवड्यांपूर्वीही असंच कुणीतरी येऊन बसलं असेल, हात जोडले असतील. एका बाईनं लेकराला पदराआड घेतलं, माझ्यापासून. माझ्यापासून लेकरू लपवावं असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं.

अशा वेळी काय करायचं ते मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. नाव सांगायचं. लपवत नाही तो शत्रू नसतो.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांचं नाव, आडनाव, लातूरचा पत्ता, नांदेडचं हॉस्टेल. पत्रकाखाली लिहितात तसं, एका दमात. पण समोरचे चेहरे हलले नाहीत. मग मी म्हणाले की मी हेर नाही, मला इथं माझ्या मैत्रिणीनं आणलं आहे. आणि तिचं नाव घेतलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. तिच्या कॉलेजचं नाव, कितव्या वर्षाला आहे ते. म्हणाले की दर सुट्टीत ती इथं येते, ती तुमच्यातलीच आहे आणि तुमच्यासाठी शिकते आहे, आणि तिच्यासारखी मुलगी जिथं येते तिथं वाईट काही असू शकत नाही. जमीनअस्मानाचा फरक पडला. बायांचे चेहरे सैल झाले, कुणीतरी हसलं.

टेलर मात्र माझ्याकडं बघत राहिला. माझं बोलणं त्यानं पास्टरसाठी तेलुगूत करायचं होतं. त्यानं दोनच शब्द उच्चारले. ते मला नंतर कळले: पाहुणी आहे.

मी वळले तेव्हा तिकाटण्यावरचा मोबाइल माझ्यापासून चार फुटांवर होता. कोपऱ्यात लाल ठिपका.

देगलूर पोत्यांशी उभी होती. तिनं हातातलं यंत्र पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली, आणि चेन लागली की नाही ते दोनदा बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचं सगळं फार भराभर झालं. टेलरनं पास्टरच्या बायकोला काहीतरी सांगितलं, तिनं मोबाइल खाली घेतला. व्हिडिओ पुसला. पण तो चालू असताना कोण कोण बघत होतं, कुणी उतरवून घेतला का, ते तिला सांगता येईना. ती एकेकाला फोन लावत बसली. प्रार्थना न संपवताच लोक उठायला लागले. देगलूरच्या आईनं मला एका बाजूला घेतलं. ती ओरडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "माय, तू जे बोललीस ते कागदावर गेलं का?" मी म्हणाले, नाही, कागदावर नाही. मोबाइलवर गेलं. दोन्हींतला फरक तिला माहीत होता का ते मला माहीत नाही. तिनं मान हलवली आणि लेकीकडं गेली.

तेवढ्यात आजोबा दारातून आत आले. दुकानासमोर मोटारसायकल थांबली होती. दोन पोरं, गावातली नाहीत. आत कसला कार्यक्रम आहे, ते विचारत होती.

ती पोरं त्या व्हिडिओमुळं आली होती की रविवारची फेरी म्हणून, ते आजही कुणाला माहीत नाही. त्या वेळी सगळ्यांनी एकाच गोष्टीचा विचार केला, मीसुद्धा. देगलूरला मागच्या बाजूनं, तुरीच्या रानातून घराकडं न्यायचं ठरलं. तिनं आईची जुनी शाल चेहऱ्यावरून घेतली. जाताना माझ्याजवळून गेली. मी माफ कर म्हणायला तोंड उघडलं.

"आता बोलू नको," ती म्हणाली. "जे विचारतील त्याला बोलू नको. एवढं तरी कर."

माझ्या डोक्यात उलटंच चाललं होतं. बाहेर जाऊन त्या पोरांना विचारावं, तुम्ही कोण विचारणारे, प्रार्थना करायचा हक्क कुणाच्या परवानगीनं मिळत नाही. हे मी कुठल्याही चौकात बोलले असते आणि बोलेन. टेलरनं माझा चेहरा ओळखला असावा. त्यानं मला बोळातून पुढं दुकानात नेलं, बाकावर बसवलं आणि बायकोला हाक मारली. गळ्यात फीत अडकवून ती माझं माप घ्यायला लागली.

पोरं दुकानाच्या पायरीपर्यंत आली. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल होता. आत आवाज येत होता गाण्याचा, तो म्हणाला. टेलरनं मशीनवर बसता बसता सांगितलं की रविवारी येत असतो. मग तो पोरगा माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही कुठल्या? कुणाकडं आलात?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पत्त्यासकट. टेलरच्या बायकोनं फीत माझ्या खांद्यावर घट्ट धरली.

"ब्लाउज शिवायला आल्यात," टेलर म्हणाला. "लग्नाची घाई हाय. तुमच्यामुळं माप चुकंल. जरा उजेड सोडा."

खोटं होतं. धडधडीत खोटं, माझ्या नावावर. मी गप्प बसले. त्यानं मापाची वही उघडली, बायको आकडे सांगत होती, तो लिहीत होता. मग त्यानं पेन्सिल थांबवून, पोरांना ऐकू जाईल असं विचारलं, "नाव काय टाकू?"

मी त्याच्याकडं बघितलं. नाव घ्यायची वेळ असते तेव्हा मी कधी थांबले नव्हते. पोरगा मोबाइल हातात धरून वाट बघत होता. माझ्या नावावरून हॉस्टेल सापडेल, हॉस्टेलवरून खोली, खोलीवरून ती. मघाशी शेडमध्ये हे सुचायला हवं होतं.

"लातूर लिहा," मी म्हणाले.

त्यानं लातूर लिहिलं. पोरं आणखी पाच-दहा मिनिटं रेंगाळली, पानटपरीवर गेली, मग निघून गेली. मोटारसायकलचा आवाज गेल्यावरही टेलरची बायको माप घेतच होती, मनगटापर्यंत.

टेलरनं आजोबांकडून माझी वही आणून दिली. मी त्याला सांगितलं की सकाळी मी त्याला फसवणूक करणारा म्हणून टिपून ठेवलं होतं. तो हसला नाही. "अय्यगारू बोलतात त्यातलं निम्मं मी गाळतो," तो पास्टरबद्दल म्हणाला. "तुम्ही बोललात त्यातलं समदं गाळलं. पर मोबाइलाला कोण गाळणार, ताई?"

त्या रात्रीच्या बसनं मी एकटीच नांदेडला आले. देगलूर पाच दिवसांनी आली. त्या पाच दिवसांत मी पत्रक फाडलं नाही, छापलंही नाही. आजीच्या डोक्यावर हात ठेवून बरी झालीस म्हणणं चूकच आहे, हे माझं मत तसंच आहे. पण ते लिहायचं तर कुठली आजी, कुठलं गाव, हे आलंच, नाहीतर वडिलांच्या नियमानं तो हवेतला दगड. आणि गाव आलं की ती आली.

ती आली, बॅग ठेवली, इस्त्री लावली. मी खुर्चीवर बसून राहिले. अ‍ॅप्रन पसरता पसरता तिनं सांगितलं की आजी दवाखान्यात गेली, दोन बोटं काढली, पाय वाचला. व्हिडिओचं मी विचारलं नाही. ती म्हणाली, "तुला वाटलं तू माझं कौतुक करून राहिली. हाव ना? मला पण तेच वाटलं असतं, तुझ्या घरात जन्मले असते तर." मग ती अ‍ॅप्रनची बाही पलटवून इस्त्री करायला लागली.

चौकशीची माणसं नंतर गावात आली. शेजाऱ्यांना विचारलं, टेलरलाही विचारलं. त्यानं काय सांगितलं आणि काय गाळलं, ते मला माहीत आहे. इथं लिहीत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वडिलांना फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, खाली नाव कुणाचं? मी म्हणाले, कुणाचंच नाही. माझंही घालता येत नाही, माझ्यावरून ती सापडते. ते म्हणाले की विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

छापायला द्यायच्या आधी कागद देगलूरला दिले. तिनं पट्टी घेतली आणि ज्या ओळी नकोत त्यांवर पट्टी ठेवून सरळ रेघा मारल्या. चार ठिकाणी. गावाची खूण सांगणारं एक वाक्य गेलं, तिच्या वडिलांच्या मृत्यूचं कारण गेलं, आईचं एक बोलणं गेलं. चौथ्या ठिकाणी पडताळणीचं शेवटी काय झालं ते मी लिहिलं होतं, दोन ओळींत. वाचणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं, असं मी म्हणाले.

"का?" तिनं विचारलं, आणि पट्टी न हलवता रेघ पूर्ण केली.